राखून ठेवलेला डाव

कोल्हापुरात वाढलेल्या पोराला एक गोष्ट शाळेत जायच्या आधी कळते. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो. उद्या पठ्ठ्या आपल्याच अंगावर आला, तर तेवढा एक हाताशी असावा म्हणून. मी शाहूपुरीतला. अंगात लाल माती कधी मुरली नाही, पण हे वाक्य मुरलं. पुढे सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर कळलं की हे तत्त्व आमच्या सीनियर मंडळींनाही पाठ आहे. असो.

आजचा विषय मात्र बुद्धिबळ. मराठीत तालमीत आणि पटावर शब्द एकच चालतो, 'डाव'. एका राखून ठेवलेल्या डावाची, खरं तर दोन डावांची, गोष्ट सांगायची आहे. आणि आमच्या आजोबांची थोडीशी.

तर झालं असं. ५ एप्रिल २०२४, शुक्रवार. टोरांटोमध्ये कँडिडेट्स स्पर्धेची दुसरी फेरी. कँडिडेट्स म्हणजे काय रे भाऊ? तर जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी, आठ जणांची, चौदा फेऱ्यांची स्पर्धा. प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा पांढरी मोहरी घेऊन आणि एकदा काळी. आपल्याकडे डाव सुरू व्हायला मध्यरात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी हापिस नव्हतं, म्हणून चहा करून बसलो.

पांढऱ्या मोहऱ्यांकडे अमेरिकेचा हिकारू नाकामुरा, तेव्हा जागतिक क्रमवारीत तिसरा. क्लासिकल म्हणजे लांब वेळेच्या डावांत तो सलग ४७ डाव हरलेला नव्हता. काळ्यांकडे नाशिकचा विदित गुजराथी. ओपनिंग रुई लोपेझ, म्हणजे बुद्धिबळातलं फार जुनं, सोवळ्यातलं म्हणावं असं ओपनिंग. त्याच्यावर विदितनं उत्तर दिलं बर्लिन बचावानं. बर्लिन म्हटलं की बघणारे जांभया देतात. २००० साली लंडनमध्ये क्रामनिकनं याच बचावाच्या जोरावर कास्पारोव्हचं जगज्जेतेपद काढून घेतलं. त्या अख्ख्या सामन्यात कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. तेव्हापासून या बचावाला 'बर्लिनची भिंत' म्हणतात. भिंतीकडे बघत रात्र कोण काढणार?

अकराव्या खेळीला विदितनं उंट उचलला आणि थेट एच३ वरचं प्यादं मारलं.

एका प्याद्यासाठी अख्खा उंट. तोही काळ्या मोहऱ्यांनी, बर्लिनमध्ये, अकराव्याच खेळीला. यामागचा हिशोब तसा जुना आहे. राजाच्या बाजूची तटबंदी उचकटायची आणि समोरच्यानं बाकीचं सैन्य मदतीला आणायच्या आत वजीर तिथे नेऊन बसवायचा. हिशोब चुकला तर उंट फुकट गेला आणि डावही गेला. इथे चुकला नाही, कारण तो पटावर बसून केलेलाच नव्हता. घरून करून आणला होता. नाकामुराला मात्र सगळी उत्तरं तिथेच, घड्याळ टिकटिकत असताना शोधायची होती. ती सापडली नाहीत. ४७ डावांची मालिका त्या रात्री संपली.

माझ्या डोक्यात एकच वाक्य आलं. वस्तादानं एक डाव राखून ठेवला होता.

पण नंतर विचार करायला लागलो. डाव राखून ठेवायचा तर आधी डावांचा साठा लागतो. शे-दोनशे डाव माहीत असतील तर त्यातला एक राखता येतो. हा साठा आपल्याकडे होता का? आणि इथे मला आजोबा आठवले.

शाहूपुरी ही शाहू महाराजांच्या काळात वसलेली व्यापारपेठ, गुळासाठी नावाजलेली. आजोबा तिथल्या एका पेढीवर दिवाणजी होते. दुपारी सौदे उरकले, की पोत्याला टेकून पट मांडायचे. कापडी पट, लाकडी मोहरी, आणि नियम देशी. मी शाळेतून आंतरराष्ट्रीय नियम शिकून आलो तेव्हा आमचं पहिलं भांडण तिथेच झालं. मी पहिल्याच खेळीला प्यादं दोन घरं पुढे टाकलं. ते म्हणाले, "आरं लेका, एवढी कसली घाई? एक घर सरकव."

देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जायचं. किल्लेकोट नाही, म्हणजे राजा आणि हत्तीची अदलाबदल नाही. त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्याची चाल करायची मुभा. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की सरसकट वजीर होत नाही. ज्या घरात पोचलं, त्या घरचं मोहरं होतं. हत्तीच्या घरी गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरी गेलं तर घोडा. गावागणिक यात फरक असायचे. पण सगळीकडे सर्वांत मानाचा विजय एकच, प्यादेमात. वजिरानं मात केली तर त्यात काय मोठंसं? प्याद्यानं राजाला गाठलं पाहिजे.

आता इंजिनियरच्या डोक्यानं या नियमांकडे बघा. प्यादी हळू चालतात म्हणजे दोन्ही सैन्यं एकमेकांना भिडायला वेळ लागतो. सुरुवातीच्या दहा खेळ्या आपापली मोहरी मनासारखी लावण्यात जातात. मग सुरुवातीचा अभ्यास करायचा कशाला? उलट, शेवटी कुठलं प्यादं कुठल्या घरात पोचतंय यावर सगळं ठरतं. त्यामुळे आपले खेळाडू डावाच्या शेवटात वाघ आणि सुरुवातीला निवांत. ही बुद्धीची उणीव नव्हती. नियमच तसे होते, आणि माणूस नियमांप्रमाणे घडतो.

याचा पुरावा मुंबईत छापलेला आहे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक निघालं. मूळ संस्कृत, भाषांतर इंग्रजी, आणि युरोपीय नियमांना जुळवून घेतलेलं. त्यात प्रामुख्यानं काय आहे? कूटं. म्हणजे अमुक मोहरी अमुक घरात आहेत, आता इतक्या खेळ्यांत मात करा. स्मरणशक्तीला व्यायाम व्हावा म्हणून. सुरुवात कशी करावी हा पुस्तकाचा विषयच नाही.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. आपल्या या हळू सवयीनं जगाला एक देणगी दिली. कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा ब्रिटिश बॅरिस्टर होता, त्या काळातला मोठा खेळाडू. १८५० च्या दशकात तो महेशचंद्र बॅनर्जी नावाच्या बंगाली खेळाडूशी शेकडो डाव खेळला. महेशचंद्र प्यादी एकेक घर सरकवायचे आणि उंट कोपऱ्यातून लांब कर्णावर रोखून ठेवायचे. देशी खेळातली सवय! आज किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन अशी जी नावं प्रत्येक ग्रँडमास्टरच्या तोंडी आहेत, त्यातलं 'इंडियन' तिथून आलं. आणि ते डाव आज आपल्याला माहीत का आहेत? कारण कॉक्रेननं ते लिहून ठेवले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर आला मीर सुलतान खान. पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा, सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेला माणूस. वाढला देशी नियमांवर, आंतरराष्ट्रीय नियम शिकला विशी ओलांडल्यावर. १९२९ मध्ये मालकाबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं, ज्याला लोक बुद्धिबळाचं यंत्र म्हणायचे त्या कापाब्लांकाला. पण त्याच्याबद्दल लिहिणारे सगळे एक गोष्ट सांगतात. त्याची सुरुवात कच्ची. पहिल्या पंधरा खेळ्यांत तो अडचणीत यायचा आणि पुढच्या पन्नास खेळ्यांत त्यातून बाहेर पडायचा. म्हणजे प्रत्येक कुस्ती खाली पडूनच सुरू करायची, आणि तरी जिंकायची. विचार करा, त्याला सुरुवातीचे डाव मिळाले असते तर? १९३३ च्या अखेरीस मालकाबरोबर तो परत आला आणि मोठ्या बुद्धिबळातून कायमचा गेला. १९६६ मध्ये वारला. जागतिक संघटनेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ च्या फेब्रुवारीत. विदितच्या त्या डावाच्या जेमतेम दोन महिने आधी.

युरोपात या काळात काय चाललं होतं? लिहिणं. रुई लोपेझ हा स्पॅनिश धर्मगुरू. त्याचं पुस्तक आलं १५६१ मध्ये. तेव्हापासून तिथले लोक डाव लिहून ठेवत आले. हरलेलेसुद्धा, किंबहुना हरलेले जास्त. कुणीतरी चूक करायचा, दुसरा ती छापायचा, तिसरा त्यावर उपाय शोधायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर चारशे वर्षांचं व्हर्जन कंट्रोल. एकही कमिट उडवलेला नाही.

या कपाटाचा उपयोग कसा होतो हे दाखवायला एक डाव तपशिलात बघू. हा डाव मी किती वेळा लावून बघितलाय याची गणती नाही. पट असेल तर मांडा, नसेल तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवा की पटाच्या उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी नावं असतात आणि आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८ आकडे.

१५ जानेवारी २०१३, नेदरलँड्समधलं वाइक आन झे हे समुद्रकाठचं गाव. पांढऱ्यांकडे आर्मेनियाचा लेव्हॉन अरोनियन, तेव्हा जगात तिसरा. काळ्यांकडे विश्वनाथन आनंद, तेव्हाचा जगज्जेता. ओपनिंग सेमी-स्लाव्ह, त्यातला मेरान प्रकार. वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवून सुरू होणाऱ्या घराण्यातलं हे एक खानदानी ओपनिंग. अकरा खेळ्या दोघांनी भराभर केल्या.

बाराव्या खेळीला अरोनियननं घोडा जी५ वर आणला. एच७ च्या प्याद्यावर आता उंट, वजीर आणि घोडा अशी तिघांची नजर. साधा माणूस प्यादं वाचवेल. आनंदनं मधोमध सी५ असा धक्का दिला, म्हणजे 'घे तुझं प्यादं'. अरोनियननं घोड्यानं एच७ चं प्यादं घेतलं. आता हा घोडा एफ८ वरच्या काळ्या हत्तीवर आला आहे. आनंदनं हत्तीकडे ढुंकूनही न बघता आपला एफ६ वरचा घोडा जी४ वर टाकला, पांढऱ्या राजाच्या दारात. अरोनियननं एफ४ खेळून काळ्या उंटाची वाट बंद केली. मधली प्यादी मारामारीत गेली. पंधराव्या खेळीला आनंदनं तोच उंट सी५ वर ठेवला, जिथे पांढरं प्यादं त्याला सरळ खाऊ शकतं. खाल्लं, तर मागचा घोडा त्या जागी येतो, डी३ वरच्या उंटाला धरतो आणि काळ्या वजिराला मधली ओळ मोकळी होते.

अरोनियननं उंट मागे ई२ वर घेतला. जी४ वरचा घोडा आता मारात. आनंदनं काय करावं? तो घोडा हलवला नाहीच, वर दुसरा घोडा ई५ वर आणून ठेवला, प्याद्याच्या तोंडात! पटावर या क्षणी काळ्याचा हत्ती मारात, उंट मारात, दोन्ही घोडे मारात. चार मोहरी ताटात वाढलेली. आणि कुठलंही खाल्लं तरी पोटात दुखणार.

अरोनियननं जी४ चा घोडा घेतला. उंटानं डी४ चं प्यादं मारून शह दिला, राजा एच१ च्या कोपऱ्यात गेला, दुसऱ्या घोड्यानं जी४ परत मिळवलं. पांढऱ्यानं शेवटी तो हत्ती खाल्ला. आणि आता माझी सगळ्यात आवडती खेळी, एकोणिसावी. एवढी धुमश्चक्री चालू असताना आनंदनं एफ-प्यादं शांतपणे दोन घरं पुढे केलं. शह नाही, मारामारी नाही. जी४ च्या घोड्याला मागून आधार दिला, बस्स. आता वजीर एच४ वर आला की संपलं. अरोनियननं घोडा जी६ वर देऊन ते घर रोखलं. आनंदनं वजीर एफ६ ला आणला, मग जी६ वरचा घोडा घेतला, मग वजीर एच५ वर. पांढऱ्याचं एच३ चं प्यादं आता एकट्या पांढऱ्या वजिराच्या भरवशावर. कारण त्याच्या शेजारचं जी-प्यादं कामाचं नाही. बी७ वरचा काळा उंट लांबून थेट कोपऱ्यातल्या राजावर रोखलेला आहे, आणि हे प्यादं त्या दोघांच्या मधे उभं आहे. हललं की राजा उघडा. म्हणून अरोनियननं वजीर डी३ वर आणला, आडव्या ओळीतून राखण करायला. आनंदनं उंट ई३ वर ठेवला, बरोबर त्या राखणीच्या वाटेत. वजिरानं उंट खाल्ला तर घोडा वजिराला खातो. उंटानं खाल्ला तर एच३ वर शह आणि पुढच्या खेळीला मात. तेविसाव्या खेळीला अरोनियननं डाव सोडला.

मंडळी, हे बघून वाटतं की माणसाच्या अंगात आलं होतं. पण डावानंतर आनंदनंच सांगितलं की ही कल्पना आदल्या वर्षीची. मे २०१२ मध्ये मॉस्कोत गेलफांडविरुद्ध जगज्जेतेपदाचा सामना झाला, त्यासाठी तयार केलेली. गेलफांडनं ती वेळच येऊ दिली नाही. डाव राखलेला राहिला. आठ महिन्यांनी अरोनियन नेमका त्या रस्त्यावर आला. आनंद त्या दिवशी हल्ला रचत कमी आणि आठवत जास्त होता.

आणि त्या कल्पनेलाही पूर्वज आहे. डिसेंबर १९०७, पोलंडमधलं वूज शहर, रोटलेवी विरुद्ध अकिबा रुबिनस्टाइन. तिथेही काळ्याचे दोन उंट शेजारच्या कर्णांवरून कोपऱ्यातल्या पांढऱ्या राजावर रोखलेले, घोडा जी४ वर, आणि काळ्यानं वजीर खुशाल मारात सोडून दिलेला. रुबिनस्टाइनचा अमर डाव म्हणून तो ओळखला जातो. आनंदचा डाव बघताना बुद्धिबळ वाचणाऱ्या प्रत्येकाला तो आठवला. एकशे पाच वर्षं तो कपाटात पडून होता, कुणाच्या तरी कामाला यायची वाट बघत.

आता महाराष्ट्रात परत येतो. आपल्याकडे हे कपाट कधी भरायला लागलं? १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यात डी. वेंकय्या यांच्याबरोबर संयुक्त विजेते ठरले रा. भ. सप्रे. आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, सांगलीत, भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं. दर उन्हाळ्यात तिथे स्पर्धा भरत आल्या आणि दक्षिण महाराष्ट्रातली दोन-तीन पिढ्यांची पोरं तिथे आंतरराष्ट्रीय नियम, डाव लिहिणं आणि वेळेचं घड्याळ शिकली. स्वाती घाटे त्याच सांगलीची. मुंबईत खाडिलकर भगिनी. १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरनं जिंकली, तर १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. भारताच्या पहिल्या चार ग्रँडमास्टरांत दोन मराठी आहेत, मुंबईचे प्रवीण ठिपसे (१९९७) आणि पुण्याचा अभिजित कुंटे (२०००).

ठिपसेंच्या पिढीचे हाल आज आपल्याला कळणार नाहीत. बेलग्रेडहून 'इन्फॉर्मेटर' नावाचा डावांचा जाडजूड संग्रह निघायचा. तो बोटीनं, टपालानं हातात पडेपर्यंत तिकडचे लोक पुढचा अंक वाचत असायचे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चेसबेस हा डेटाबेस आला, मग इंटरनेट आलं, आणि जगाचं कपाट नाशिकमधल्या मुलाच्या टेबलावर येऊन बसलं. विदितचा जन्म १९९४ चा. २०१३ मध्ये तो ग्रँडमास्टर झाला, २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनवरची ग्रँड स्विस स्पर्धा नाकामुराला अर्ध्या गुणानं मागे टाकून जिंकला आणि कँडिडेट्सला पात्र ठरला.

म्हणून टोरांटोतली ती अकरावी खेळी मला साधी वाटत नाही. सुलतान खान सुरुवातीतच पाय घसरायचा आणि मग सावरायचा. पंच्याण्णव वर्षांनी त्याच्याच परंपरेतला एक जण सुरुवातीतच समोरच्याचा पाय ओढतो, तेही युरोपच्या एका फार जुन्या ओपनिंगमध्ये, युरोपच्याच भिंतीवरून उडी मारून. अन्याय वगैरे मोठे शब्द मी वापरत नाही. पण एक जुनी उधारी फिटली असं वाटलं खरं.

आणि त्या डावाचा परिणाम किती लांब गेला बघा. नवव्या फेरीत विदितनं नाकामुराला पुन्हा हरवलं, या वेळी पांढरी मोहरी घेऊन. चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा चेन्नईच्या गुकेशचे नऊ गुण होते आणि नाकामुराचे साडेआठ (नेपोम्नियाची आणि कारुआना यांचेही तितकेच). बाकीचे निकाल तसेच राहून नाकामुरानं विदितशी दोनपैकी एक डाव नुसता बरोबरीत सोडवला असता, तर त्याचेही नऊ झाले असते आणि गुकेशला त्याच्याशी टायब्रेक खेळावा लागला असता. तो लागला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. विदित स्वतः सहा गुणांवर राहिला, सहावा आला. अशा माणसांची नावं विजेत्यांच्या फलकावर लागत नाहीत. म्हणून इथे लिहून ठेवतोय.

शेवटी पुन्हा आजोबा.

दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्या डावांची वही करायला घेतली होती. प्रत्येक खेळीनंतर थांबून लिहायचो. चौथ्या-पाचव्या खेळीला ते वैतागले. "कुस्ती कोण लिवून ठेवतंय व्हय रं? डाव अंगात पायजे, वहीत न्हवं." मलाही कंटाळा आलाच होता. वही बंद केली. त्यांचं एक ठरलेलं काम होतं. डावाच्या शेवटी ते दोन प्यादी शेजारीशेजारी अशी काही चालवायचे, की समोरच्याचा राजा आपणहून चालत कोपऱ्यात जाऊन बसायचा, आणि मग प्यादेमात. पेढीवरचे सगळे त्याला हरायचे, मीही. तिथे ते नेमकं काय करायचे? मला आज सांगता येत नाही. इंजिन लावून बघितलं, जमेल तसा पट आठवून मांडला. नाही सापडलं. इंजिनाला आंतरराष्ट्रीय नियम माहीत आहेत, शाहूपुरीचे नाहीत.

राखून ठेवलेल्या डावांत हा फरक असतो. ग्रँडमास्टर डाव राखतो तो एकदा खेळण्यासाठी. खेळला की पाच मिनिटांत सगळ्या जगाचा होतो, उद्या कुठलंही शाळकरी पोर तो घरी बसून लावून बघतं. वस्ताद राखतो तो कायमचा. आणि मग एक दिवस तो वस्तादाबरोबर जातो.

सुलतान खानचे डाव आपल्याकडे आहेत, कारण तो लंडनला खेळला. महेशचंद्रांचे आहेत, कारण समोर कॉक्रेन बसला होता. शाहूपुरीच्या पेढीवर, सांगलीच्या पारावर, नाशिकच्या वाड्यांत दुपारी जे शेकडो डाव झाले, त्यांच्यासमोर लिहिणारा कुणी बसला नव्हता. माझ्या बाबतीत तर बसला होता, आणि पाचव्या खेळीला उठून गेला.

तुमच्या घरात देशी नियमांनी खेळलेलं कुणी अजून असेल, तर या रविवारी पट मांडा. त्यांचे नियम विचारा, प्यादं कुठल्या घरात कशाचं काय होतं ते विचारा, आणि ओरडले तरी वही बंद करू नका.

बाकी पुढच्या शनिवारी.